पारदर्शक मायक्रोवेव्ह शोषक: चाचणी-चेंबरच्या एका खिडकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

अँटेना तपासायच्या बंद चेंबरमध्ये भिंती, छत, जमीन सगळीकडे कार्बन भरलेल्या फोमचे काळे सुळके लावलेले असतात. अँटेनातून निघालेली लहर त्यांच्यात शिरते, उष्णता होऊन विरते आणि परत येत नाही. चाचणीचा सगळा भरवसा या 'परत न येण्यावर' असतो.

आमच्या चेंबरच्या एका भिंतीत 60 बाय 40 सेंटिमीटरची खिडकी होती. बाहेर ॲक्रिलिकचं तावदान आणि आतल्या बाजूला ताणून बसवलेली स्टीलची बारीक जाळी. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारात असते तशीच. ओव्हनची लहर 2.45 गिगाहर्ट्झची, म्हणजे सुमारे 12 सेंटिमीटर लांबीची. मिलिमीटरभराच्या भोकातून ती जवळजवळ जातच नाही. प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, त्यामुळे ती सहज आरपार जाते. म्हणून आतलं दिसतं आणि लहर बाहेर येत नाही.

पण जाळी लहर अडवते म्हणजे ती परत फेकते, गिळत नाही. फोमने मढवलेल्या खोलीत ही खिडकी म्हणजे भिंतीला लावलेला आरसाच होता.

अडचण

अँटेनाचं तोंड खिडकीकडे वळलं की मोजणीच्या आलेखावर लाटा उमटायच्या. थेट आलेली लहर आणि खिडकीवरून उलटून आलेली लहर कुठे एकमेकींत मिळायच्या, कुठे एकमेकींना खोडायच्या. खिडकीवर आतून फोमचा तुकडा लावला की लाटा गायब. मग तीच पद्धत पडली: खिडकी झाकायची आणि आत काय चाललंय ते न बघता मोजणी करायची.

एका दुपारी फिरत्या स्टँडभोवती केबल गुंडाळत गेली. बाहेरून कुणाला दिसलं नाही. आलेख अचानक सपाट झाला तेव्हा दार उघडलं, तर केबल ताणून तुटली होती आणि तपासणीला आलेल्या अँटेनाचा कनेक्टर मुळापासून उखडला होता. ती अँटेना दुसऱ्याची होती, एकुलता एक नमुना होता. तो कनेक्टर हातात घेऊन उभा राहिलो तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. खिडकी झाकण्याचा निर्णय माझाच होता.

तेव्हा ठरलं की खिडकीतून दिसलंही पाहिजे आणि तिच्यावरून लहर उलटताही कामा नये. गरज कागदावर अशी मांडली: 4 ते 8 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ज्या वारंवारतेवर काम चालू असेल तिथे परावर्तन उणे 20 डेसिबलपर्यंत खाली यावं, म्हणजे आलेल्या ऊर्जेपैकी फार तर एक टक्का परत जावी. खिडकीची लहर रोखण्याची क्षमता कमी होऊ नये. आणि आतली केबल डोळ्यांनी स्पष्ट दिसावी.

समोरचे पर्याय

सगळ्या पर्यायांच्या मुळाशी एकच जुनी कल्पना आहे. विनफिल्ड सॅलिसबरी या अमेरिकी अभियंत्याला 1952 मध्ये तिचं पेटंट मिळालं. धातूच्या पत्र्यापुढे पाव तरंगलांबीवर एक पातळ रोधक पडदा ठेवायचा. पडद्याचा रोध मोकळ्या अवकाशाच्या प्रतिबाधेइतका (अवकाश लहरीला करतो त्या विद्युत विरोधाइतका), म्हणजे सुमारे 377 ओहम प्रति चौकोन (पातळ थराचा रोध मोजायचं एकक) असला, तर त्या वारंवारतेची लहर उलटतच नाही. सगळी ऊर्जा पडद्यात जिरते. 6 गिगाहर्ट्झची तरंगलांबी 50 मिलिमीटर, म्हणून अंतर साडेबारा मिलिमीटर. पडदा पारदर्शक हवा असेल तर काचेवर किंवा प्लास्टिकवर इंडियम टिन ऑक्साइडचा थर घेता येतो. मोबाइलच्या पडद्यात वापरतात तोच. त्याला सगळे आयटीओच म्हणतात.

एका पडद्याचा दोष असा की उणे 20 डेसिबलइतकं कमी परावर्तन मधल्या वारंवारतेच्या सुमारे 25 टक्के रुंदीतच मिळते. 6 गिगाहर्ट्झला लावला तर साधारण 5.25 ते 6.75 एवढंच. आम्हाला 4 ते 8 हवं होतं. त्यामुळे एक तर अनेक थर लावून पट्टा रुंद करायचा, नाही तर अरुंद पट्टाच हवा तिथे सरकवायचा.

रुंद पट्ट्याचा विचार आधी केला. रोझानोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने 2000 मध्ये सिद्ध केलेल्या मर्यादेवरून कळतं की किती रुंद पट्ट्यासाठी शोषक किमान किती जाड लागतो. आमच्या गरजेला चुंबकीय पदार्थ न वापरता ती किमान जाडी सुमारे 4.4 मिलिमीटर निघाली. म्हणजे सिद्धांताची आडकाठी नव्हती, अडत होतं ते दिसण्यावर. अशा रचनेला दोन-तीन रोधक पडदे लागतात. प्रत्येकातून 85 टक्के प्रकाश गेला तरी तीन पडद्यांतून 61 टक्केच पोहोचतो, त्यात जाळी आधीच प्रकाश खाते. शिवाय प्रत्येक काचेची दोन पृष्ठं आतल्या दिव्याच्या प्रतिमा दाखवतात. काळ्या फोमसमोर काळी केबल शोधायची असताना हे परवडणारं नव्हतं.

सरकत्या पट्ट्यासाठी चार वाटा होत्या.

व्हॅरॅक्टर डायोड ही पहिली. या डायोडवर उलटा व्होल्टेज बदलला की त्याची धारकता बदलते. 2008 मध्ये लँडी, पॅडिला आणि सहकारी संशोधकांनी धातूच्या बारीक नक्षीची घरं वापरून 11.5 गिगाहर्ट्झच्या आसपास जवळपास पूर्ण शोषण दाखवलं. अशा नक्षीच्या प्रत्येक घरात डायोड बसवला की शोषणाची वारंवारता व्होल्टेजने सरकवता येते. डायोड अपारदर्शक असला तरी कणभर असतो.

ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ थर, ही दुसरी. त्याचा एक थर फक्त 2.3 टक्के प्रकाश शोषतो, आणि व्होल्टेज देऊन त्याचा रोध बदलता येतो. तुर्कस्तानातल्या बिल्केंट विद्यापीठाच्या गटाने 2015 मध्ये ग्राफीन आणि आयनिक द्रव (विद्युतभारित कणांचा द्रव) वापरून मायक्रोवेव्ह शोषणाचं नियंत्रण दाखवलं आहे. मात्र रोध बदलल्याने मुख्यतः शोषणाची खोली बदलते. वारंवारता ठरते ती मागच्या अंतरावरून. आम्हाला सरकवायची होती वारंवारता.

पाण्याचा थर ही तिसरी वाट. पाणी पारदर्शक आहे आणि मायक्रोवेव्ह मनसोक्त गिळतं. पण तापमान बदललं की त्याचे गुण बदलतात, आणि मोजणीच्या उपकरणांच्या डोक्यावर पाणी भरलेली काच ठेवायला कुणी राजी नव्हतं.

चौथी वाट सगळ्यात साधी: सॅलिसबरीचा पडदा घ्यायचा आणि तोच पुढे-मागे सरकवायचा.

पहिला निर्णय, आणि तो का चुकला

आम्ही व्हॅरॅक्टर निवडला. प्रस्तावात 'व्होल्टेजने जुळवता येणारा' असे शब्द आधीच लिहिले गेले होते. शिवाय स्क्रू फिरवून काच सरकवणं आम्हाला संशोधन वाटत नव्हतं. हे मी स्पष्ट लिहितो आहे, कारण पुढची दिरंगाई या एका भावनेतून आली.

हिशेब मांडायला हवा होता तो नंतर मांडला. घर सुमारे 10 मिलिमीटरचं धरलं तर खिडकीत 2,400 घरं. आडव्या-उभ्या दोन्ही ध्रुवणांसाठी (लहरीच्या विद्युत कंपनाच्या दोन दिशांसाठी) 4,800 डायोड. अनुनादाची वारंवारता धारकतेच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून 4 वरून 8 गिगाहर्ट्झवर जायचं तर एकूण धारकता चारपट बदलायला हवी. डायोड एकटा तेवढा बदलतोही, पण भोवतालच्या नक्षीची स्वतःची धारकता बदलत नाही, ती सगळं पातळ करून टाकते.

आयटीओच्या नक्षीचा दहा बाय दहा घरांचा नमुना केला, एकाच ध्रुवणासाठी. आयटीओवर साधं सोल्डर नीट धरत नाही, म्हणून चांदीच्या वाहक चिकटद्रव्याचे थेंब सुईने ठेवत शंभर डायोड बसवले. नमुना चालला, पण पट्टा 5.1 ते 6.3 पर्यंतच सरकला. आयटीओच्या नक्षीतला रोध अनुनादाला आधीच दमवत होता. हाताळताना डायोड सुटायचे, आणि सुटलेला डायोड शोधायला एकेक घर तपासावं लागायचं.

याच सुमारास प्रकल्प सांभाळणाऱ्या मॅडमनी चेंबरची नोंदवही मागवली. कुठली चाचणी किती वाजता, कोणत्या वारंवारतेवर, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. त्यांनी पानं उलटत विचारलं, "वारंवारता दिवसातून किती वेळा बदलते, ते कुणी पाहिलंय का?"

कुणीच पाहिलं नव्हतं. एक अँटेना दोन-दोन, तीन-तीन दिवस एकाच पट्ट्यावर चालायची. बदल आठवड्यातून काही वेळाच व्हायचा, आणि तोही दार उघडून अँटेना बदलताना. आम्ही सेकंदाच्या लाखाव्या भागात सरकणारा पट्टा बनवत होतो. गरज होती दोन मिनिटांत सरकणाऱ्या पट्ट्याची. त्याच दिवशी व्हॅरॅक्टर बाजूला ठेवला.

केलेली कृती

जाळी काढायची नाही, हा दुसरा निर्णय. आधीच्या आराखड्यात जाळीऐवजी मागेही 10 ओहम प्रति चौकोनाची आयटीओ काच लावायची होती, कारण तिच्यातून जास्त स्वच्छ दिसतं. हिशेब केला तर अशा थरातून लहर फक्त 26 डेसिबलने कमी होते. परावर्तनासाठी ते पुरेसं आहे, पण चेंबरची भिंत म्हणून फारच अपुरं. जाळी राहिली आणि तीच शोषकाचा मागचा पत्रा झाली. पुढचा पडदा गुळगुळीत आयटीओचा असल्यामुळे दोन जाळ्या एकमेकींवर आल्या की दिसतात त्या नागमोडी पट्ट्यांचाही प्रश्न आला नाही.

पडद्याचा रोध अचूक 377 मिळेना. इथे आम्ही वेळ घालवला नाही, कारण आकडेमोड आधी केली होती: उणे 20 डेसिबलसाठी 308 ते 461 पर्यंत काहीही चालतं. चार टोकांच्या प्रोबने मोजल्यावर सरासरी 350 भरलेला माल घेतला.

पहिला पडदा 0.175 मिलिमीटरच्या प्लास्टिक फिल्मचा, चौकटीत ताणलेला. सकाळी सुरेख चालला. दुपारी आतल्या दिव्यांची ऊब लागून फिल्म सैल पडली आणि मध्यभागी दीड मिलिमीटर जाळीकडे झुकली. साडेबाराऐवजी मध्यात 11 मिलिमीटर अंतर म्हणजे तिथे 6 ऐवजी 6.8 गिगाहर्ट्झ. कडेला एक वारंवारता, मध्यात दुसरी. आलेखावरची खोल दरी उथळ आणि पसरट झाली.

म्हणून 2 मिलिमीटरच्या काचेवरचा आयटीओ मागवला. काच झुकत नाही. पण 4 गिगाहर्ट्झवर परावर्तन उणे 25 डेसिबल, 6 वर उणे 16, आणि 8 वर जेमतेम उणे 11 आलं. अंतर कितीही सरकवलं तरी 8 ची दरी खोल होईना.

सगळ्यात आधी संशय आयटीओवर गेला. थर एकसारखा नसेल म्हणून पुन्हा प्रोब लावला. थर ठीक होता. मग जाळीवर, मग कडेच्या गळतीवर. चार दिवस गेले. या चार दिवसांत आकड्यांचा कल सरळ समोर होता आणि आम्ही तो वाचला नाही. रोध चुकला असता तर तिन्ही वारंवारतांवर सारखाच बिघाड दिसला असता. वारंवारतेबरोबर वाढत जाणारा बिघाड म्हणजे कुठल्या तरी जाडीचा परिणाम. आणि नवीन जाडी एकच आली होती, काचेची.

आमच्या तंत्रज्ञाने विचारलं, "सर, थर कुठल्या बाजूला आहे?" मी म्हणालो, "जाळीकडे. ओरखडे पडू नयेत म्हणून आत घेतलाय." त्याने मल्टिमीटरची दोन टोकं काचेच्या बाहेरच्या अंगावर टेकवली, काहीच वाचन नाही. आतल्या अंगावर टेकवली, आकडा आला. मग त्याने काच हातात धरून तिची कड मला दाखवली. लहर आधी काचेत शिरते, मग थराला भेटते, हे त्याने बोटाने दाखवलं आणि मला तेव्हा उमगलं.

काचेचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थाच्या आत लहर किती आखूड होते ते ज्यावर ठरतं तो आकडा) 6 ते 7 च्या घरात असतो. तिच्या आत लहर सुमारे अडीचपट आखूड होते, त्यामुळे 6 गिगाहर्ट्झला 2 मिलिमीटर काच म्हणजे तरंगलांबीचा दहावा हिस्सा. एवढी काच थराच्या पुढे आली की 350 ओहमचा पडदा लहरीला 350 चा दिसतच नाही. काच उलटी बसवली, थर अँटेनाकडे आणि काच मागे, तर तीच काच पडदा आणि जाळी यांच्यामधल्या अंतराचा भाग होते. मग तिचा परिणाम फक्त अंतरावर होतो, आणि अंतर तर आमच्या हातात आहे.

काच उलटवल्यावर तिन्ही वारंवारतांवर उणे 24 च्या खाली गेलो. हवेचं अंतरही कमी झालं: 4 गिगाहर्ट्झला साधारण साडेआठ, 6 ला पावणेचार-चार, 8 ला दोन मिलिमीटर. म्हणजे सगळा पट्टा साडेसहा मिलिमीटरच्या सरकण्यात बसला. त्याची किंमतही मोजावी लागली. एका जागी ठेवलेल्या पडद्याच्या पट्ट्याची रुंदी निम्म्यावर आली, 6 गिगाहर्ट्झभोवती सुमारे 0.8 गिगाहर्ट्झ. आणि वरच्या टोकाला मिलिमीटरभर अंतर चुकलं तर वारंवारता गिगाहर्ट्झभर सरकते. काच अर्धा मिलिमीटर तिरकी झाली तरी चालण्यासारखं राहिलं नाही.

तिरकेपणासाठी चार कोपऱ्यांचे स्क्रू काढून तीन टेकू केले. चार टेकूंत एक नेहमी जास्तीचा ठरतो आणि काच पिळली जाते. तीन बिंदूंवर प्रतल आपोआप ठरतं. टेकू नायलॉनचे, कारण धातूचे स्क्रू स्वतःच लहर विखुरतात. सरकवायला लहान मोटर, पण मोजणी सुरू होण्याआधी तिचा वीजपुरवठा तोडायचा, नाही तर तिचा विद्युत गोंगाट आलेखात शिरतो. जाळी पूर्ण सपाट नाही आणि तिच्या तारांचा थोडा वेगळा परिणाम असतो, म्हणून अंतर सूत्रावरून न घेता प्रत्यक्ष मोजून वारंवारता-अंतराचा तक्ता केला.

निष्पत्ती

ज्या आलेखावर लाटा यायच्या त्याच अँटेनाची मोजणी पुन्हा केली: एकदा खिडकी फोमने झाकून, एकदा नवा शोषक लावून. अँटेना खिडकीकडे थेट तोंड करून असताना दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या. आणि दुसऱ्या मोजणीत आतली केबल दिसत होती. थोडी पिवळसर छटा, दिव्याची एक फिकट प्रतिमा, पण केबल स्पष्ट.

तिरप्या येणाऱ्या लहरींचं पूर्ण सुटलं नाही. 45 अंशांवर वारंवारता वर सरकते, ती अंतर वाढवून परत आणता येते. मात्र तिरप्या लहरीला 377 चा पडदा जुळत नाही, त्यामुळे खोली उणे 15 च्या पुढे जात नाही. 60 अंशांवर उणे साडेनऊ. अशा चाचण्यांना अजूनही खिडकीच्या कडांना फोमच्या पट्ट्या लावतो, मध्य उघडा ठेवून.

वेगळं काय करता आलं असतं

नोंदवही पहिल्या आठवड्यात उघडायला हवी होती. 'जुळवता येणारा' हा शब्द ऐकला की किती झपाट्याने, किती वेळा, आणि जुळवताना चेंबरचं दार उघडं असतं की बंद, हे विचारलं असतं तर शंभर डायोड चिकटवावे लागले नसते. वारंवारता सेकंदागणिक बदलणाऱ्या जागी मात्र व्हॅरॅक्टरच योग्य ठरला असता. तिथे सरकती काच निरुपयोगी आहे.

काच आणि फिल्म यांच्यात आम्ही फक्त कडकपणा तोलला, विद्युत जाडी (लहरीच्या लांबीच्या तुलनेत भरणारी जाडी) तोलली नाही. फिल्मवर थराची बाजू बदलून काहीच फरक पडत नव्हता, म्हणून काचेवरही पडणार नाही असं धरून चाललो. आता काचेच्या कडेला, थराच्या बाजूने, कायमच्या शाईचा ठिपका काढतो आणि मल्टिमीटरचं वाचन चौकटीवर लिहून ठेवतो.

ज्यांची अँटेना मोडली त्यांना खिडकी आधी दाखवली. त्यांनी दुरुस्त केलेला नमुना पुन्हा स्टँडवर चढवला, आणि पूर्ण फेरी होईपर्यंत ते काचेसमोर उभे राहून केबलकडे पाहत होते.